पाठीचं शुद्धलेखन

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्याआधी
मी फळा लिहितो. वर म्हण, खाली दर.
हातात खडू, म्हणून सगळे मास्तर म्हणतात.
दर बदलतात घटकेघटकेला,
म्हण तेवढी दिवसभर टिकावी, एवढीच अपेक्षा.
सतरा वर्षं झाली. दुपारपर्यंत टिकलेली नाही.

कारण फळा गोदामाच्या दाराशी,
आणि सिदराम ऐवळे, मुक्काम पोस्ट उमदी, तालुका जत,
पोतं टाकून आला की दम खायला
पाठ टेकतो ती नेमकी तिथंच.
त्याला वाचता येत नाही.
त्याच्या पाठीला मात्र खोडता येतं.

सोमवारी लिहिलं: पी हळद आणि हो गोरी.
(इथं हळद पिऊन, हुंगून, शिंकून जन्म गेले,
गोरं कुणी झालं नाही. रोज हळद लागते,
लग्न कुणाचं लागत नाही.)
दहा वाजता पी गेला, आणिची वेलांटी गेली.
उरलं: हळद आण हो गोरी.
कोळशाशी पैज लावील अशी गौराक्का
सुपामागून ओरडली,
"आणली की वं! राजापुरी हाय. दर बोला."

मंगळवारी: अति तेथे माती. पाठीनं मा खाल्ला.
अति तेथे ती.
आता ती म्हणजे कोण, यावर अडत्यांत दोन गट पडले,
आणि दोन्ही गटांना त्या रात्री
घरी जेवण गार मिळालं.

बुधवारी नशिबानं काही पुसलं नाही.
गर्वाचे घर खाली, अख्खं शाबूत.
पण खाली कुणीतरी बारीक अक्षरात जोडलं:
डिपॉझिट किती?
शुक्रवारपर्यंत तीन भाडेकरू येऊन गेले,
एक तर बायकोला घेऊन आला, मोरी बघायला.

घोटाळा झाला तो शनिवारी.
नाव मोठे लक्षण खोटे. त्यातलं लक्षण पुसलं.
मधली जागा मोकळी,
आणि मोकळ्या जागेत यार्डात कुणी ना कुणी बसतंच.
दुपारी बघतो तर: नाव मोठे वजन खोटे.
समोरच चौगुल्यांचा वजनकाटा.

चौगुले नाचत आले.
नाचता येत होतं, अंगणही सरळ होतं,
वाकडं काय ते काट्यालाच ठाऊक.
सेक्रेटरींनी चौकशी नेमली. चौकशीनं चहा मागवला.
बोट कुणाचं, ते कुणी पाहिलं नव्हतं,
म्हणून डस्टर जप्त झालं.
चोर सोडून डस्टरला फाशी!
वर हुकूम: फळा दोन हात उंच टांगावा.

टांगला. म्हणी सुखरूप राहू लागल्या,
ऱ्हस्व ते ऱ्हस्व, दीर्घ ते दीर्घ, टिंब हललं नाही.
मान वर करून वाचल्या मात्र कुणी नाहीत.
दुरून म्हणी साजऱ्या.
"मास्तर," गौराक्का म्हणाली, "म्हन हाय का फोटो?
हार तेवढा घालायचा राह्यलाय."

सिदराम कोऱ्या भिंतीला टेकायचा,
आणि संध्याकाळी सवयीनं विचारायचा,
"माझ्या पाठीनं आज काय लिव्हलं?"
काय सांगणार. पाठ पुन्हा अडाणी झाली होती.

चौथ्या दिवशी वरचा खिळा आपोआप निखळला.
(स्टूल माझं होतं.)
फळा जुन्या जागी. खडू ओला करून ठळक लिहिलं:
दाम करी काम.
साठ किलोचं पोतं थप्पीला लावून सिदराम आला,
टेकला, खोकला, दम खाल्ला, सरळ झाला.
फळ्यावर: दम करी काम.

मी वाचून दाखवलं. तो हसला. मग हसायचा थांबला.
"काय गेलं ह्यातलं?"
"एक काना. उभी रेघ."
"मग हाय कुठं ती?"
"तुझ्या बनियनवर. पिवळ्यावर पांढरी."

मान वळवून बघायला गेला,
पण आपली पाठ आपल्याला कधी दिसलीय.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाला,
"तेवढाच दाम अंगाला लागला."